नातवाची सवय आतापासून मोडू का?

पत्र: माझा नातू १३ महिन्यांचा आहे. मुलगा आणि सून दोघंही नोकरी करतात, म्हणून चार महिन्यांचा असल्यापासून तो दिवसभर माझ्याकडेच असतो. दोन महिन्यांनी मुलाची बदली होतेय. तिघंही दुसऱ्या गावी जातील, तिथे तो पाळणाघरात राहील. यांच्या आजारपणामुळे मला इथून हलता येणार नाही. संध्याकाळी सून आली की हा माझ्या खांद्यात तोंड खुपसतो. परवा ती म्हणाली, "त्याची खरी आई तुम्हीच." मुलाने मोबाइलवर वाचून सांगितलं, की आई आल्यावर मूल तिच्याकडे गेलं नाही तर त्यांचं नातं असुरक्षित असतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, आतापासून सवय मोडा, म्हणजे जाताना त्रास होणार नाही. म्हणून तीन दिवस मी त्याला जवळ घेणं कमी केलं. तो रांगत आला की आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायची. पहिल्या दिवशी खूप रडला. दुसऱ्या दिवशी माझी शाल ओढत आणून दाराबाहेर बसून राहिला. आता तर मला बाथरूममध्येही जाऊ देत नाही. मागच्या महिन्यात ताप आला तेव्हा मात्र रात्रभर आईच्या अंगावरून उतरला नव्हता. माझं काय चुकलं? मी सुनेचं काही हिरावून घेतलं का? आणि तो मला विसरेल का?
– एक आजी

उत्तर:

आजी, आधी ते दार उघडा. बाकीचं सावकाश बोलू, पण हा सवय मोडायचा प्रयोग आजच्या आज थांबवा.

शेजारच्या बाईंनी चांगल्या मनानेच सांगितलं असणार. "सारखं घेऊ नका, हाताची सवय लागेल" हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय, आणि कधी ना कधी दुसऱ्याला ऐकवलंयही. पण लळ्याला सवय समजलं की हिशोब चुकतो. सवयीची वस्तू मिळेनाशी झाली की चार दिवस चिडचिड होते, मग ओढ कमी होते. लळ्याचं माणूस हातून निसटतंय असं वाटलं की ओढ वाढते. तुमच्या घरात तेच झालंय. तुम्ही लांब गेलात तसा तो जास्त चिकटला. त्याने हट्टीपणा केलेला नाही, त्या वयाच्या बाळाने जे करायला हवं तेच केलं.

जॉन बोल्बी (१९०७–१९९०) या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने आयुष्यभर याच गोष्टीचा माग काढला. रडणं, हात वर करणं, मागे मागे रांगणं, कपडा धरून ठेवणं या सगळ्याचा उद्देश एकच, आपलं रक्षण करणाऱ्या माणसाला जवळ ठेवणं, असं त्यांचं म्हणणं. माणूस जवळ आहे, हाक मारली की येतं, अशी खात्री असली की बाळाच्या आतली ती घंटा गप्प असते आणि ते खेळायला मोकळं होतं. खात्री डळमळली की घंटा वाजू लागते. ती वाजत असताना खेळ नाही, भूक नाही, झोप नाही. सगळं लक्ष दाराकडे.

घंटा गप्प असताना काय होतं हे तुम्ही रोज पाहिलं असेल, फक्त त्याला नाव दिलं नसेल. तुम्ही जमिनीवर बसलेल्या असता. तो डब्याचं झाकण घेऊन निघतो. चार हात लांब गेला की थांबतो, मान वळवून तुमच्याकडे बघतो. तुम्ही नुसत्या भुवया उंचावता. तेवढं त्याला पुरतं, तो पुढे जातो. मग परत येऊन झाकण तुमच्या मांडीवर आपटतो आणि पुन्हा निघतो. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९५४–५५ मध्ये युगांडातल्या घराघरांत बसून बाळांच्या याच फेऱ्या पाहिल्या. आईपासून निघायचं, जग बघायचं, परत यायचं. आई हा बाळाचा तळ असतो, असं त्यांनी म्हटलं. तुमच्या घरी दिवसभर तो तळ तुम्ही आहात. तळ एकाएकी दाराआड गेल्यावर बाळ कशाला कुठे फिरायला जाईल? ते तळाशीच बसणार.

त्या तीन दिवसांचं मनाला लावून घेऊ नका, हेही सांगते. १९७०च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. आईने बाळाशी हसतखेळत बोलायचं आणि मग काही मिनिटं चेहरा दगडासारखा ठेवायचा. काही महिन्यांची ती बाळं आधी हसून बघायची, हातपाय हलवायची, आवाज काढायची. काहीच उत्तर आलं नाही की मान फिरवून मलूल व्हायची. बघवत नाही ते. पण आईचा चेहरा पुन्हा हलला की थोडं कुरकुरून बाळ परत खेळात यायचं. बाळाशी एरवीही आपला सूर पदोपदी चुकतो, आणि चुकला की आपण तो पुन्हा लावतो. तुम्हालाही तेवढंच करायचंय. पुढचे दहा-पंधरा दिवस तो जरा जास्तच चिकटेल, चिकटू द्या. बाथरूमला जाताना सांगून जा, आतून बोलत राहा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, सुनेचं काही हिरावून घेतलं का. यासाठी लळा लागतो कसा ते थोडं बघायला हवं, कारण त्याबद्दल गैरसमज फार. जन्मल्या जन्मल्या आईच्या छातीशी ठेवलं की नातं जुळलं आणि तेव्हा राहिलं की कायमचं हुकलं, असं सर्रास बोललं जातं. बदकांसारख्या काही पक्ष्यांच्या पिल्लांचं थोडंफार तसं असतं, अंड्यातून बाहेर आल्यावर पहिलं हलताना दिसेल त्याच्या मागे ती चालू लागतात. माणसाचं बाळ इतकं घाईत नसतं. आईचा आवाज ते जन्मापासून ओळखतं; तीन दिवसांचीही न झालेली बाळं आईचा आवाज ऐकू यावा म्हणून चोखण्याची लय बदलतात, हे १९८० मध्ये दाखवून झालंय. पण ओळखणं वेगळं आणि लळा वेगळा. पहिले दोन-तीन महिने कुणीही प्रेमाने घेतलं तरी बाळाला चालतं. मग ते नेहमीच्या माणसांकडे बघून जास्त हसू लागतं. आणि सात-आठ महिन्यांच्या सुमारास एक दिवस परक्याच्या कडेवर भोकाड पसरतं. आपण म्हणतो, "बुजायला लागलं, माणसं ओळखायला लागलं." त्याच सुमाराला त्याला आणखी एक गोष्ट कळू लागलेली असते, की नजरेआड गेलेलं माणूस नाहीसं होत नाही, ते कुठेतरी असतं. म्हणजे आता त्याची वाट बघता येते. वाट बघता येऊ लागली तिथूनच खरा लळा सुरू होतो.

तो कुणाचा लागतो? जो दूध पाजतो त्याचा, अशी जुनी समजूत. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिल्लांना जन्मल्यावर लगेच आईपासून तोडून दोन खोट्या आयांजवळ ठेवलं. एक उघड्या तारांची, दुसरी मऊ कापडाने मढवलेली. दूध तारेच्या आईकडे असलं तरी पिल्लं दिवसाचा बहुतेक वेळ कापडाच्या आईलाच बिलगून असायची, तारेकडे जायची ती पोट भरण्यापुरती. १९५८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. प्रयोग क्रूर होता, आज तो कुणी करू देणार नाही. पण समजूत मोडली ती मोडलीच.

माणसांच्या बाळांचं मला जास्त पटलेलं काम स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचं आहे. रुडॉल्फ शॅफर आणि पेगी इमर्सन यांनी ६० बाळांच्या घरी महिन्या-महिन्याला जाऊन वर्षभर, आणि नंतर दीड वर्षाची झाल्यावर पुन्हा एकदा, अगदी साधे प्रश्न विचारले. खोलीत एकटं सोडलं तर रडतं का? पाळण्यात ठेवून वळलं तर? आणि कोण गेल्यावर रडतं? १९६४ मध्ये त्यांनी जे छापलं त्यात तुमच्या घराला लागू पडणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक, ३९ टक्के बाळांचा सर्वात जास्त लळा त्यांना भरवणाऱ्या-न्हाऊ घालणाऱ्या माणसाचा नव्हता. हाकेला लगेच ओ देणाऱ्या, त्यांच्याशी खेळणाऱ्या-बोलणाऱ्या माणसाचा होता. दोन, दीड वर्षाची होईपर्यंत ८७ टक्के बाळांना एकाहून जास्त माणसांचा लळा लागला होता. वडील, आजी, आजोबा, मोठी भावंडं. जवळजवळ एक तृतीयांश बाळांची तर अशी पाच किंवा त्याहून जास्त माणसं होती.

म्हणजे ही वडिलोपार्जित जमीन नाही, की तुमच्या नावावर चार गुंठे चढले तेव्हा सुनेचे चार कमी झाले. तुमच्याकडे तो दिवसभर निर्धास्त असतो म्हणून आईकडची त्याची जागा लहान होत नाही. याचा पुरावा तुम्ही स्वतःच पत्राच्या शेवटी जाता जाता लिहून टाकलाय आणि तुमच्या लक्षातही आलेलं दिसत नाही. ताप आला तेव्हा रात्रभर तो कुणाच्या अंगावर होता? बाळ आजारी, दमलेलं किंवा घाबरलेलं असताना ज्याच्याकडे धाव घेतं, ते माणूस त्याच्या यादीत फार वर असतं. सून ज्याला नातं हरवलं समजतेय ते मागच्याच महिन्यात तिच्या छातीवर झोपलं होतं. हे तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या.

मग संध्याकाळी तोंड का खुपसतो? कारण त्या क्षणाला त्याला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर जायला सांगितलं जातं, तेही दार उघडल्या उघडल्या, सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर रोखलेल्या असताना. "जा, आई आली बघ, जा ना!" मोठ्या माणसालाही असं ढकललं तर ते अंग चोरेल. उद्यापासून असं करून बघा. सून आली की तुम्ही त्याला घेऊन जमिनीवर बसा. तिनेही हातपाय धुऊन तिथेच शेजारी बसावं, आणि त्याला न बोलावता तुमच्याशी गप्पा माराव्यात. हातात त्याचं एखादं खेळणं असू द्या. पाच-दहा मिनिटांत तो खेळण्याच्या निमित्ताने तिच्याकडे सरकेल. सरकला की तुम्ही उठून आत जा, सांगून जा. पुढचा तासभर तो तिचा. त्या वेळात तो रडला तरी तुम्ही बाहेर धावत यायचं नाही. हे तुम्हाला जड जाईल, मला ठाऊक आहे.

मुलाने मोबाइलवर जे वाचलं ते अगदीच खोटं नाही, फक्त चुकीच्या जागी लावलंय. तो निकष एन्सवर्थ बाईंच्याच एका चाचणीतला. वर्ष-दीड वर्षाच्या बाळाला आईबरोबर अनोळखी खोलीत आणायचं, एक परकी बाई येणार, आई दोनदा थोडा थोडा वेळ बाहेर जाणार, आणि ती परतल्यावर बाळ काय करतं ते आरशाच्या काचेआडून बघायचं. एकूण २० मिनिटांचा खेळ. तिथे बाळापुढे पर्याय असतो परक्या बाईचा, दिवसभराच्या आजीचा नव्हे. शिवाय अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात ज्या २६ घरांवर हे काम उभं राहिलं, त्या घरांत वर्षभर दर तीन आठवड्यांनी चार-चार तास निरीक्षणं केल्यावर ती २० मिनिटं आली. दमून आलेल्या आईने दारात चप्पल काढता काढता हा निकाल लावायचा नसतो. मुलाला म्हणावं, वाचत राहा, पण चाचणी घरी घेऊ नकोस.

आता जाण्याचं. इथे मी गोड बोलणार नाही. त्याला त्रास होईल, तुम्ही काहीही केलंत तरी होईल. किती होईल ते मात्र बरंचसं मोठ्यांच्या हातात आहे. इंग्लंडमधलं जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन हे जोडपं आईवडिलांपासून थोडे दिवस दुरावलेल्या लहान मुलांचं चित्रण करत असे. १९६०च्या दशकातल्या त्यांच्या एका चित्रणातला मुलगा १७ महिन्यांचा, तुमच्या नातवाहून जेमतेम मोठा. आई दुसऱ्या बाळंतपणाला गेल्यामुळे त्याला ९ दिवस एका निवासी बालगृहात ठेवलं होतं. तिथल्या बायका प्रेमळ होत्या, पण पाळ्या बदलायच्या. तो एकीला धरून बसायचा आणि तिची पाळी संपायची. दुसरीकडे जायचा, तेच. शेवटी तो एका मोठ्या टेडी अस्वलाला कवटाळून पडून राहू लागला. आई न्यायला आली तेव्हा त्याने किंचाळून तिला दूर लोटलं. त्याच वयाच्या एका मुलीला रॉबर्टसन जोडप्याने १० दिवस स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. आधी ओळख करून घेतली होती, तिच्या सवयी विचारून घेतल्या होत्या, आणि सगळे दिवस सांभाळणारं माणूस एकच होतं. तीही अस्वस्थ झाली, पण अशी कोलमडली नाही.

दोन्हीकडे माया होती. एकीकडे माणूस कायम होतं, हा मोठा फरक. म्हणून पाळणाघर निवडताना भिंतींवरची चित्रं आणि खेळण्यांचे ढीग सून-मुलाने खुशाल बघावेत, पण प्रश्न एकच विचारावा: आमच्या बाळाला रोज कोण घेणार, आणि त्या ताई रजेवर असल्या तर कोण? नाव सांगता आलं पाहिजे. "आम्ही सगळ्याच बघतो" हे उत्तर मला आवडत नाही. पहिले काही दिवस आई किंवा बाबांनी तिथे बसावं, मग अर्धा तास बाहेर, मग दोन तास. त्यासाठी दोघांपैकी एकाला रजा काढता आली तर ती तिथे पोहोचल्यानंतरची काढावी. सामान लावायला नव्हे, पाळणाघरात बसायला.

इथले दोन महिने तुम्ही मागे सरायचं नाही, सुनेने पुढे यायचं. झोपवणं तिच्याकडे द्या, कारण रात्री झोपवणारं माणूस तिथेही तेच असणार आहे. तुम्ही गुणगुणता ते गाणं तिला शिकवा, तुम्ही थोपटता तसंच तिने थोपटावं. दिवसाची वेळ तुमचीच राहू द्या. आणि "बुवा कुक" भरपूर खेळा. पडद्याआड जायचं आणि परत यायचं, हसत. गेलेलं माणूस येतं, हे त्याला शंभरदा बघू दे.

निघायच्या दिवशी तो झोपलेला असताना निरोप उरकायचा बेत कुणीतरी मांडेलच, नाही म्हणा. उठल्यावर माणूस गायब, ही शिक्षा होते. कडेवर घ्या, टाटा करा, रडू आलं तर रडा. पुढे व्हिडिओ कॉलवर तो तुम्हाला बघून रडेल, किंवा फोन उलटा करून मागे तुम्हाला शोधेल, किंवा ढुंकूनही बघणार नाही. तिन्ही ठीक. रडतो म्हणून कॉल बंद करू नका.

विसरेल का, हे तुम्ही शेवटी विचारलंत, पण पत्र त्याच्यासाठीच लिहिलंत असं मला वाटतं. हे दिवस त्याला मोठेपणी आठवणार नाहीत. इतक्या लहानपणचं कुणालाच आठवत नाही. मधे बरेच महिने गेले तर चेहराही पुसट होईल, आणि तुम्ही भेटायला गेलात की पहिल्या दिवशी तो तुमच्याकडेच पाठ फिरवेल. माझी मुलगी सव्वा वर्षाची असताना मी चार दिवस परगावी गेले होते. परतल्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी जणू लाइटचं बिल घेऊन आलेली बाई. मी दारातच रडले. त्यावेळी मला कुणी सांगितलं नव्हतं की हा राग आहे आणि राग आपल्या माणसावरच येतो. तुमच्यावर ती वेळ येईल तेव्हा दोन दिवस नुसत्या जमिनीवर बसून राहा. तो झाकण घेऊन येईल. जे टिकतं ते चेहऱ्याहून जुनं असतं. हाक मारली की कुणीतरी येतं, ही खात्री त्याच्यात नऊ महिने तुमच्यामुळे भरली गेली. पाळणाघरातल्या ताईकडेही तो तीच घेऊन जाणार. एकदा नीट लळा लागलेलं बाळ दुसरीकडे लळा लावायला शिकलेलं असतं. आधीच हात आखडता घेऊन तुम्ही नेमकी तीच शिदोरी हलकी करत होता.

गावी गेल्यावर तीन-चार आठवडे उलटूनही तो नीट जेवत नसेल, खेळत नसेल, कशातच लक्ष घालत नसेल, किंवा आईबाबांना न शोधता भेटेल त्या अनोळखी माणसाच्या कडेवर जात असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायला सांगा. चिडचिड, रात्री उठणं, आईला चिकटणं यासाठी दाखवायची गरज नाही, ते होणारच.

सुनेचं ते वाक्य तुम्हाला टोमणा वाटलं असेल. मला त्यात टोमण्यापेक्षा थकवा जास्त ऐकू आला. नऊ महिने सकाळी मूल सोडून जाणाऱ्या बाईला दारात रोज एकदा परीक्षा द्यावी लागते. तिला तापाच्या रात्रीची आठवण करून द्या, मी वर म्हटलं तशी.

आणि ती शाल, जी घेऊन तो दाराबाहेर बसला होता, ती त्याच्याबरोबर जाऊ द्या. जिवावर येईल, पण तिचे दोन तुकडे करा. एक तो पाळणाघरात कुठेतरी हरवेलच. कडा तेवढ्या शिवून घ्या. धुऊ मात्र नका.